उजवी बाजू

किटली मी आता मुद्दाम आपटून ठेवतो,
म्हणजे येसेनियाला कळतं ती कुठं आहे.
एका डोळ्याला खोली दिसत नाही,
डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, सवय होते, वर्षभरात होते.
हे तिसरं.
पाणी अजून पेल्याच्या बोटभर अलीकडे पडतं,
आणि ती फडक्यानं मेणकापड पुसते
दुसऱ्याच कुणी सांडल्यासारखं.

डोळा सरकारी आहे.
ट्रेमध्ये ओळीनं मांडलेले तपकिरी,
तंत्रज्ञानं विचारलं, आईचे कसे होते?
ती म्हणाली, दोन होते.
घरी त्याचं नाव भाडेकरू.
काम करत नाही, भाडं देत नाही,
नुसता बघतोय असं दाखवतो.

त्या ऑक्टोबरात ती बेकरीवरून येत होती,
पिशवीत चार मार्राकेता पाव.
जबानीत मी तीनदा सांगितलं: पाव होते साहेब, पाव.
मग एका रात्री माझीच मला लाज वाटली.
पाव नसते, हातात फलक असता,
घसा बसेस्तोवर ओरडत असती पोर,
तर तो डोळा त्यांचा झाला असता?

फाईल मिटली. गोळी सापडली, नेम कुणाचाच निघाला नाही.

गेल्या हिवाळ्यात चौकात तिची पायरी चुकली.
एका कोवळ्या पोलिसानं कोपर धरून
तिला रस्त्यापार नेलं, अगदी जपून.
ती आभार मानून आली.
आणि घरी येऊन ओकली, पित्त पडेस्तोवर.
माझ्यापाशी एवढंच बोलली,
हात ऊबदार होता, पापा.

खोली मला माहीत होती.
पंच्याऐंशी साली एक पाहिली होती, गोदामामागे, बिनखिडकीची.
दोन्ही तळहात एकाच वेळी दोन्ही कानांवर.
त्याला ते टेलिफोन म्हणायचे.
उजवा कान आठवड्यानं परत आला.
डावा अजून त्या फोनवरच आहे.
घरी सांगितलं, बंदरातल्या क्रेनचा आवाज.
ओर्तेन्सिया तेच खरं मानून गेली.

नव्या वर्षाच्या रात्री अख्खी टेकडी
खाडीवरची आतषबाजी बघायला गच्चीत असते.
येसेनिया न्हाणीघरात, नळ सोडून.
मी दाराला कान लावून बसलो, अंधारात चुकीचा लावला.
आतून ती बरंच काही बोलत होती म्हणे.
शेवटी दार उघडून माझ्यावर खेकसली,
त्या बाजूनं तुम्हाला कधीच काही ऐकू का येत नाही?

बारा वाजून गेले होते. नळ चालूच.
मी सांगितलं. सगळं नाही. टेलिफोनापर्यंत.

तेव्हापासून रस्त्यावर आमचं उजवं-डावं चालतं.
तिचा डावा डोळा गेलेला, माझा डावा कान.
तिला दिसायला मी तिच्या उजवीकडे हवा,
मला ऐकू यायला ती माझ्या उजवीकडे.
दोन माणसं एका दिशेनं चालताना हे जमत नाही.
करून बघा.
आम्ही बाजारापर्यंत बाजू बदलत, भांडत जातो,
आणि काही बोलायचं झालं की
फुटपाथच्या मधोमध समोरासमोर थांबतो.
लोक वळसा घालून जातात, काही शिव्या देतात.

आमच्या घराखाली एकशे बारा पायऱ्या आहेत.
त्या मी उलटा उतरतो, तोंड तिच्याकडे,
एक हात कठड्याला,
एक एक पायरी मोठ्यानं मोजत.
एवढा म्हातारा नाही झालो, पण गुडघे झालेत.
दोना नील्दा खिडकीतून विचारते,
निबाल्दो, हा कुठला नाच?

काल एकाहत्तरावर मीच चुकलो.
पोरीनं झेप घेतली, अंतराचा अंदाज नसताना,
आणि माझी कॉलर तिच्या मुठीत होती.
दोघं तिथंच बसलो, धापा टाकत.
ती म्हणाली, आता बहात्तर.
मी म्हणालो, काय?
ती उठून माझ्या उजवीकडे आली.